मीरा रोडची माती आणि उत्तनचा बँड

संक्रांतीच्या दिवसांत आमच्या घरात दोन वास एकत्र नांदतात. एक भाजलेल्या तिळांचा आणि दुसरा सुक्या बोंबलांचा. तीळ आई आणते, केबिन रोडवरच्या तिच्या ठरलेल्या दुकानातून, आणि दरवर्षी तिथे भावावरून वाद घालून येते. बोंबील उत्तनहून येतात. कार्मेलबाय नावाच्या बाई ते पाठवतात, आणि बोंबलांच्या पुडक्याबरोबर कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रणही पाठवतात. नाताळ उरकला की उत्तनमध्ये लग्नांचा धडाका सुरू होतो तो उपासाचे दिवस लागेपर्यंत. आई ते पुडकं नाकाशी नेते, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "आज संक्रांत आहे. उद्या भाजू." बाबा लगेच उद्याची वाट बघायला लागतात.

यंदाही पुडकं आलं. कार्मेलबायच्या पुतण्याचं लग्न आहे. निमंत्रणावर पेनाने लिहिलेलं होतं, 'आईला पण आन.' आणि ते वाचून मला ती काही वर्षांपूर्वीची संक्रांत आठवली. त्या वर्षी मी तिळगूळ कमी खाल्ला आणि माती जास्त ढवळली.

मी मातीचं काम करते. म्हणजे कुठे इमारत उभी राहणार असली की तिथे जमिनीत खोल भोक पाडून खालची माती वर काढायची, ती लॅबमध्ये दाबून, पिळून, हलवून बघायची आणि ती उद्या कशी वागेल याचं गणित मांडायचं. त्यातलं माझं खास काम भूकंपाचं. लोकांना वाटतं भूकंप आला की सगळीकडे सारखाच येतो. तसं नसतं. खालच्या कातळातून हादरा निघतो तो एक, आणि वरच्या मातीतून चढत चढत आपल्या पायापाशी पोचतो तो वेगळाच. मधली माती त्याला वाढवते, कमी करते, संथ करते, तिचा स्वभाव असेल तसं. तो स्वभाव आपण गणितात कसा धरला, त्यावर आपलं भाकीत अवलंबून. हे मी लग्न ठरवायला आलेल्या एका मुलाला समजावून सांगितलं होतं. त्याने चहा संपवला आणि तो गेला तो गेलाच.

आईचं आणि भूकंपाचं नातं माझ्याहून जुनं. ती चिपळूणकडची. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. त्या पहाटे माळ्यावरची तांब्याची भांडी खाली कोसळली, गोठ्यातल्या गाई ओरडायला लागल्या आणि आजोबांनी सगळ्या पोरांना अंगणात उभं केलं. घराला काही झालं नाही. आजोबा म्हणाले, "कातळावर बसलंय घर. त्याला काय होतंय." हे वाक्य आईच्या मनात जे जाऊन बसलं ते कायमचं. कातळ असला की माणूस निर्धास्त. आणि मग तिचं लग्न होऊन ती आली कुठे, तर मीरा रोडला. मागे खाजण, पुढे मिठागर, मध्ये भराव टाकून उभी केलेली चार मजल्यांची बिल्डिंग. पहिल्या वर्षी रात्री बेडकं इतकी ओरडायची की बाबांना कामावर झोप यायची म्हणे. त्या जागेला आई घर कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची 'ब्लॉक'. "ब्लॉकची किल्ली घेतलीस का?" "ब्लॉक झाडून घेते." घर म्हटलं की ते चिपळूणचं.

त्या वर्षी आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली होती. जुनी पाडून त्याच जागी टॉवर. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या आणि फक्त आईची राहिली होती. फ्लॅट तिच्या नावावर, त्यामुळे बाबांची सही कुणी मागेना. त्यातच टीव्हीवर डहाणूकडच्या बारीकसारीक धक्क्यांच्या बातम्या यायच्या. आई बातमी बघायची आणि मग पायाखालच्या लादीकडे बघायची. सोसायटीचे चेअरमन मेहताभाई रोज संध्याकाळी दारात.

"ताई, सबका हो गया. आपका ही बाकी है."

"भाईसाब, मेरी लडकी माती देख रही है," आई म्हणायची. "वो बोलेगी तो मैं सही करेगी."

"मिट्टी में क्या देखना है? मिट्टी तो मिट्टी है."

"असं कसं? आपके घर में दो भाई हैं, दोनो सारखे हैं क्या?"

मेहताभाईंचे आणि त्यांच्या भावाचे संबंध सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होते. ते जिना उतरायला लागायचे. पण मला जिन्यात गाठून म्हणायचे, "बेटा, संडे को मीटिंग है, दो हफ्ते बाद. तब तक देख लो. चालीस फॅमिली रुकी है." सगळ्यांचा जीव त्या एका सहीत अडकला होता आणि आईचा जीव माझ्या उत्तरात. रात्री भांडी आवरताना ती मला साधं विचारायची, "स्मिते, मी राहू शकेन ना तिथे? खरं सांग." एरवी क्लाएंटला मी दहा पानी अहवाल देते. आईला अहवाल चालत नाही, तिला हो किंवा नाही लागतं.

जमीन कधीच पूर्ण स्तब्ध नसते. समुद्राच्या लाटा, गाड्या, वारा, पंप, चालणारी माणसं, सगळ्यांनी ती सतत थरथरत असते. आपल्याला ते कळत नाही, पण आमच्याकडे एक डबा असतो, लाडवाच्या डब्याएवढा, त्याला कळतं. तो जमिनीवर ठेवला की ही थरथर टिपतो आणि तिच्यातून कळतं की खालच्या मातीला कोणत्या चालीने हलायला आवडतं. प्रत्येक मातीची अशी एक आवडती चाल असते. आलेखावर त्या जागी एक डोंगर उभा राहतो. कातळाला आवडनिवड नाही, तिथे रेघ सपाट येते.

पहिल्या रविवारी भल्या सकाळी मी तो डबा आमच्या कंपाउंडमध्ये ठेवला. आईने आदल्या दिवशीच सगळ्या मजल्यांवर फिरून सांगितलं होतं की सकाळी कुणी खलबत्ता वाजवायचा नाही. वॉचमनने पंप बंद ठेवला. खिडक्याखिडक्यांतून माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी डब्याकडे. बाबा दुसऱ्या मजल्यावरून खुणेने विचारत होते, चहा पाठवू का? आलेख आला तेव्हा त्यात डोंगर होता, सुरेख, ठळक. मला इतका आनंद झाला की मी वर बघून ओरडले, "आला!" वरच्या सगळ्या खिडक्यांनी टाळ्या वाजवल्या. काय आलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी ऑफिसात सरांनी आलेख चष्म्याजवळ धरला. "डोंगर छान आहे. पण हा मातीचा कशावरून? शेजारच्या एखाद्या मशीनचा असला तर? किंवा तुझ्या डब्याचाच असला तर? आधी कातळावर ठेवून बघ. तिथे रेघ सपाट आली तर मी मानेन."

कातळ कुठे शोधायचा ही अडचण ब्लांचने सोडवली. ब्लांच माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करते, माती चाळते, आणि चाळता चाळता गाते. ती उत्तनची. "अगं, आमच्या घरामागे कातळच आहे. समुद्रापर्यंत. शनिवारी ये. मामेभावाचं लग्न आहे, उंबराचं पाणी आणायचंय. डबा पण ठेव आणि जेवून पण जा."

उंबराचं पाणी मला माहीत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका कळशा घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला आंघोळ घालतात. पुढे बँड, मागे लुगडी नेसलेल्या बायका, कळशीला फुलं. मी भाईंदरच्या बसमधून उतरले तेव्हा ब्लांचच्या आईने, कार्मेलबायने, आधी माझ्या हातातला डबा बघितला.

"काय आनलंस गो? खायाचं हाय?"

"नाही मावशी, जमिनीचा आवाज ऐकायचं यंत्र आहे."

"मंग ठेव तिकडं, आन तू जेव."

घरामागे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले होते, ओळीच्या ओळी, उन्हात चांदीसारखे चमकत. त्यांच्या पलीकडे काळा कातळ. मी डबा ठेवला, चालू केला आणि जेवायला आत गेले. तासाभराने तो आपोआप बंद होतो असा माझा समज होता. तो आपोआप बंद होत नाही, बंद करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळायचं होतं. जेवण चाललेलं असतानाच बँड अंगणात आला. मी बाहेर डोकावले तर कुणीतरी माझा हात धरून मला ओढलं. पुढचं मला फार आठवत नाही. एवढंच आठवतं की कर्णेवाल्याचे गाल लाल झाले होते, माझी ओढणी एका कळशीत अडकली होती आणि मी इतकी नाचले होते की परतीच्या बसमध्ये पाय सुजल्यासारखे वाटत होते. नाचताना डब्याची आठवण एकदाही झाली नाही.

सोमवारी सरांनी कातळाचा आलेख उघडला. त्यातही डोंगर. जवळजवळ त्याच जागी.

"कातळ असं करत नाही," सर म्हणाले. "यंत्र बिघडलंय. दोन्ही आलेख रद्द कर."

मीटिंग आता येत्या रविवारवर आली होती. रोज दारात येणारे मेहताभाई डोळ्यांसमोर आले, आणि भांडी पुसत विचारणारी आई. आता तिला सांगायला माझ्याकडे फक्त 'माहीत नाही' उरलं होतं. मी जागेवर येऊन बसले आणि रडू येऊ नये म्हणून स्क्रीनवरची त्या दुपारभराच्या थरथरीची रेघ उगाच वर-खाली करत राहिले. ब्लांच माझ्या खांद्यावरून बघत होती. बघता बघता तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"थांब. हे मध्येच तुटतंय बघ. इथे आहे, इथे नाही, परत आहे."

"मग?"

"मग काय? इथे गाणं संपलं. इथे दुसरं सुरू झालं. आणि ही मोठी फट आहे ना, इथे बँडवाले पाणी प्यायले." ती हसायला लागली. "वेडे, ही माती नाही गं, ही आपण आहोत! तू, मी, मम्मी, सगळा उत्तन! नाचतोय आपण!"

खरंच होतं. माणसं ज्या चालीने नाचतात तीच, थोड्याफार फरकाने, आमच्या मीरा रोडच्या मातीची आवडती चाल निघाली. मी इतकी हसले की डोळ्यांतलं अडवून ठेवलेलं पाणी शेवटी आलंच. सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पोट धरून हसले. हसणं संपल्यावर मात्र म्हणाले, "पण कातळाचा आलेख अजून मिळालेला नाही." ते त्यांचं बरोबरच होतं.

मधल्या वारी सुट्टी नव्हती. उरला शनिवार, म्हणजे मीटिंगच्या आदला दिवस. आणि शनिवारी उत्तनमध्ये परत लग्न, परत उंबराचं पाणी, परत बँड. मी दुपारी पोचले तोवर मिरवणूक विहिरीवरून निघालीसुद्धा होती आणि थेट माझ्या कातळाच्या दिशेने येत होती. मी डबा ठेवला आणि हतबल होऊन उभी राहिले. एवढ्या लोकांना काय सांगणार? कुणाच्या लग्नात जाऊन बँड बंद करा म्हणायचं?

ब्लांचने तिच्या आईच्या कानात काहीतरी सांगितलं. कार्मेलबाय मिरवणुकीच्या पुढे होत्या, डोक्यावर कळशी. त्या वळल्या आणि त्यांनी हात वर केला.

"आयका रं समदी! ही पोर मीरा रोडची. हिच्या आयचं घर बांधतान. ते हालंल का न्हाय ते हिला बघायचं हाय, आन तिला आपला कातळ गप पायजे. तवा कोन हालू नका. बँड बंद!"

"किती वेळ?" कर्णेवाला म्हणाला.

"ती सांगंल तवर."

आणि सगळं थांबलं. आजही मला ते चित्र जसंच्या तसं दिसतं. शंभरएक माणसं, नटलेली, घामाने डबडबलेली, जागच्या जागी उभी. ढोलवाल्याच्या काठ्या हवेतच. कर्णा ओठांपासून वीतभर लांब. लुगडी नेसलेल्या बायका डोक्यावरच्या कळशा एका हाताने सावरून. नवरदेवाची करवली एक पाय पुढे टाकून थांबली होती, ती तशीच. एक म्हातारा खाली बसायला वाकला होता, तो अर्धा वाकलेलाच राहिला आणि शेजाऱ्याने त्याला काखेत धरलं. नुसत्या समुद्राचा आवाज येत होता. एक मांजर वलांडीखालून आलं, वरच्या बोंबलांकडे बघत बसलं आणि त्याला कुणी हाकललं नाही. मध्येच बँडवाल्यांपैकी एकाला शिंक आली. त्याने ती दाबली, दाबली आणि शेवटी दिली. त्यावर सगळी वरात थरथरली, पण हसलं कुणी नाही. माझ्यासाठी, माझ्या आईसाठी, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मला उगाचच सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मी हात वर करून 'झालं' म्हटलं तेव्हा बँडने जो काही सूर लावला तो मी पुन्हा ऐकलेला नाही. या वेळी मी आधी डबा बंद केला आणि मगच नाचायला गेले.

रेघ सपाट आली, मध्ये फक्त एक बारीकसं टोक. ती शिंक. आमच्याकडे तो आलेख अजून आहे आणि नव्या मुलांना शिकवताना सर तो आवर्जून दाखवतात. डबा खरा होता. म्हणजे मीरा रोडचा डोंगर आमच्या मातीचाच होता.

पण हे अर्धंच काम. ती चाल मातीची शांत असतानाची. कुणी हलकेच हात लावला तर माती कशी हलते, एवढंच त्यावरून कळतं. भूकंप हलकेच हात लावत नाही. त्या शनिवारी रात्री आईने मला जेवायलाही न उठवता गणित करू दिलं आणि सकाळी समोर खरवसाची थाळी आणून ठेवली. बाबांच्या दूधवाल्याने चीक आणून दिला होता.

"सांग आता. काय निघालं?"

मी खरवसाची थाळीच पुढे ओढली. "हे बघ, ही आपली माती. हळू हलवलं तर कशी डुलते? ठरावीक चालीने." आईने मान डोलावली. "बिल्डरच्या लोकांनी असं धरलंय की कितीही जोरात हलवलं तरी ती अशीच डुलेल. सोपं गणित आहे, पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. मी दुसऱ्यांदा असं धरलं की जोरात हलवली की ती मऊ पडते." मी थाळी जोरात हलवली. खरवसाला भेग गेली आणि बाबा "अगं, अगं" करत पुढे झाले. "मऊ पडली की थोडा हादरा स्वतःच खाऊन टाकते, पण तिची चाल संथ होते. तिसऱ्यांदा वरच्या भरावातलं पाणीही धरलं. माती तीच, कातळही तोच, खालून येणारा हादराही तोच. स्वभाव तीन धरले आणि वर तीन वेगळे भूकंप मिळाले."

"मग खरा कुठला?"

हाच प्रश्न. मोठमोठ्या सभागृहांत याच्यावर मी तास-तास चर्चा ऐकल्या आहेत आणि तो इतक्या थोडक्यात कुणी विचारलेला नाही.

"दुसरा-तिसरा खऱ्याच्या जास्त जवळ. पण नक्की खरा कुणालाच माहीत नाही, आई."

मला वाटलं आता ती सही करणार नाही. ती खरवसाच्या भेगेकडे बघत होती.

"आणि त्याने काय होतं? संथ झाली तर बरंच की."

"आपल्या या चार मजल्यांना बरं. पण टॉवर उंच. उंच इमारत मुळातच संथ डुलते. माती संथ झाली की दोघांची चाल जुळायला लागते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत गेलं की तो कसा चढत जातो, तसं. सोप्या गणितात ही गोष्ट दिसतच नाही."

"मग त्या टॉवरची चाल बदलता येत नाही?"

येते. तेच तर उत्तर होतं. इमारत ताठ करायची, तळापासून वरपर्यंत काँक्रीटच्या अखंड भिंती घालायच्या, म्हणजे ती मातीच्या संथ चालीला दाद देत नाही. तिन्ही भूकंपांत ती उभी राहते की नाही ते तपासायचं. मी आईला म्हटलं, "खरा भूकंप कुठला ते मला सांगता येणार नाही. पण तिन्हींना पुरून उरेल अशी इमारत मागता येईल. ती मिळाली तर तू राहू शकशील. हे मी छातीवर हात ठेवून सांगते." तिने भेग गेलेल्या बाजूचा खरवस कापून माझ्या वाटीत घातला.

मीटिंगला मी कागद घेऊन उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं बिल्डरचे इंजिनिअर चिडतील. ते मुळीच चिडले नाहीत. शांतपणे सगळं बघितलं, दोन चांगले प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आम्ही परत करून बघतो." त्यांनी खरंच परत केलं आणि भिंती वाढवाव्या लागतील म्हणून सांगितलं. मग जो गोंधळ झाला तो सोसायटीत, पुढच्या मीटिंगला झाला. भिंती वाढल्या म्हणजे कुणाचा हॉल थोडा कमी, कुणाची खिडकी सरकली. सगळ्यात जाड भिंत जात होती ती एकावर एक येणाऱ्या एका लाइनीतल्या स्वयंपाकघरांतून, जिथे ऐसपैस ड्राय बाल्कनी मिळणार होती तिथून. त्या लाइनीत कुणी जायचं यावर अर्धा तास प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सुचवत होता.

आई उठली. "वो लाइन मेरे को दो," ती म्हणाली. "भिंत माझ्या किचनमध्ये येऊ दे. सही कुठे करायची?"

मेहताभाईंनी खिशातलं पेन इतक्या घाईने काढलं की टोपण उडून टेबलाखाली गेलं. चाळीस कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी कशासाठी ते त्यांना माहीत होतं.

टॉवर उभा राहून आता दोन संक्रांती झाल्या. त्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही. सुताराची ड्रिल दोनदा जळाली, तिसऱ्यांदा तो आलाच नाही. आईचं कॅलेंडर मिसळणाच्या डब्याला टेकून उभं असतं. तक्रार मात्र ती करत नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या की आधी त्यांना स्वयंपाकघरात नेते, भिंतीवर थाप मारायला लावते आणि म्हणते, "बघा, वाजते का? नाही ना?" गेल्या वर्षी मी पाहिलं, सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावून झाल्यावर तिने उरलेलं बोट भिंतीला लावलं. वर तिळगूळही ठेवला, फ्रीजच्या बाजूला, जमिनीवर. मी पाहिलंय हे तिला कळल्यावर म्हणाली, "तीही सवाष्णच की. सगळा ब्लॉक सांभाळून उभी आहे." बाबांनी तो तिळगूळ नंतर खाल्ला.

या शनिवारी मी आईला उत्तनला घेऊन गेले. तिने जरीची साडी नेसली होती आणि पिशवीत कार्मेलबायसाठी तिळाच्या वड्या होत्या. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या आणि पाच मिनिटांत एकमेकींच्या जावयांविषयी बोलत होत्या, जे दोघींनाही नाहीत. पाणी भरून मिरवणूक विहिरीवरून निघाली. कातळापाशी आली. आणि अचानक बँड थांबला. सगळे थांबले, कळशा डोक्यावर घेऊन, अगदी गप्प.

मला काही कळेना. माझा डबा तर ऑफिसात होता. मी ब्लांचला खूण केली. ती कुजबुजली, "आता थांबतातच. प्रत्येक लग्नात. मम्मी म्हणते, तेव्हापासून ज्या-ज्या लग्नात थांबलो ते लग्न चांगलं लागलं." आमच्या पुढे उभी असलेली एक बाई मागे वळून, बोट ओठांवर ठेवून, माझ्यावरच डोळे वटारत म्हणाली, "गप रव्हा ना! धरतीला आयकायचं असतं हितं. आमची जुनी रीत हाय."

आईने चपला काढल्या आणि अनवाणी पुढे जाऊन कातळावर उभी राहिली. पाय नीट रोवून, डोळे मिटून. जन्मभर हा असा कातळ तिला पायाखाली हवा होता. समुद्राचा आवाज येत होता, वलांडीवरचे बोंबील वाऱ्याने हलत होते आणि मी तिच्या चपला उचलून हातात घेतल्या. मग कार्मेलबायने हाताने खूण केली, बँड वाजला, पोरींनी आईला नाचात ओढलं आणि ती चक्क नाचली, साडीचा घोळ हातात धरून.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिने कातळाकडे एकदा वळून पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण चल आता, उशीर होतोय. घरी भिंतीशी दूध ठेवलंय विरजायला."

मी विचारलं, "घरी?"

"मग कुठे?" आई म्हणाली आणि मीरा रोडची बस आली.